काळ्या रिसीव्हरची शहानिशा

हुमनाबादच्या बाजारात, जुनी कुलुपे आणि पितळी समया यांच्या ढिगाऱ्यात, मध्यंतरी एक काळा टेलिफोन माझ्या दृष्टीस पडला. विक्रेत्याने तो 'निजामाच्या अमदानीतला' म्हणून मोठ्या अभिमानाने पुढे केला. मी रिसीव्हरची टोपी सोडवून आत पाहिले, तो साच्यातच उमटलेली 'आय.टी.आय.' ही तीन अक्षरे स्वच्छ वाचता आली. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना बंगळूर येथे 1948 साली स्थापन झाला, आणि त्याच वर्षीच्या 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली व आमचा हा मुलूख हिंदी संघराज्यात आला. तेव्हा ज्या यंत्रावर ही अक्षरे आहेत, त्याला निजामाच्या अमदानीत ढकलणे म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारी कारखान्यांपैकी एकात राबलेल्या कामगारांचे श्रेय हिरावून घेणे होय.

हा प्रमाद अप्रामाणिकपणातून नव्हे, तर पाहण्याच्या आळसातून घडतो. वस्तुतः ज्या बीदर जिल्ह्यात बिदरी कामाची परंपरा नांदते, तेथील माणसाला काळ्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेद ओळखण्याचे शिक्षण वेगळे द्यावयास नको. रुप्याची तार ठोकून बसविलेली तारकशी कोणती आणि पत्रा कापून जडविलेले तहनिशान कोणते, हे आमचा जाणता कारागीर एका दृष्टिक्षेपात सांगतो. तीच चिकित्सक दृष्टी टेलिफोनच्या रिसीव्हरकडे वळविली, म्हणजे तोही आपली कुळकथा सांगू लागतो.

मुंबईत पहिले दूरध्वनी केंद्र 1882 साली सुरू झाले, त्या काळी बोलण्याचे यंत्र खोक्यावर वा खांबावर स्थिर असे आणि ऐकण्याची नळी निराळी उचलून कानाला लावावी लागे. ही दोन्ही अंगे एकाच मुठीत सांधण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या एरिक्सन कारखान्याने रूढ केली. पण त्या मुठीला एकसंध, ओतीव घाट आला तो बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली सिद्ध केलेल्या बेकेलाइटमुळे. ब्रिटिश टपाल खात्याने 1929 च्या सुमारास प्रचारात आणलेला 164 क्रमांकाचा रिसीव्हर या घाटाचा आदर्श मानावा: मूठ कडा असलेली, हातास जड, आणि बोलण्याच्या बाजूस लहानशा कर्ण्यासारखे पुढे आलेले तोंड. बंगळूरच्या कारखान्याला तांत्रिक साहाय्य लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीचे लाभले असल्यामुळे आपल्याकडील आरंभीच्या यंत्रांवर ब्रिटिश वळणाची छाप राहिली. म्हणूनच केवळ बाह्यरूप पाहून विलायती आणि देशी यांचा निवाडा करू नये. पुढे 1959 साली ब्रिटनमध्ये सातशे मालिका आली आणि कडा मावळल्या, मूठ गोलाईची व हलकी झाली, कर्ण्याच्या जागी बारीक छिद्रांची सपाट टोपी आली; तो घाट दिसला, की विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला असे खुशाल समजावे.

साक्षीदार मात्र सारखेच विश्वसनीय नसतात. दोरी सर्वांत कच्ची साक्षीदार, कारण ती झिजे आणि लाइनमन ती बदलून देई. म्हणून सुती विणीची दोरी की प्लॅस्टिकची गुंडाळी, एवढ्यावरून कालनिर्णय करू नये. नंबर फिरविण्याची तबकडी नसून तेथे कोरे झाकण असणे, हेही प्राचीनत्वाचे लक्षण नव्हे. ते हाताने जोडणी करणाऱ्या केंद्राचे लक्षण होय, आणि लहान गावांतून तशी केंद्रे स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू होती. आडत दुकानाच्या गादीवरून ट्रंक कॉल लावून सोलापूर आणि हैदराबाद येथील तुरीचे भाव विचारणाऱ्या पिढीला हे सांगणे नलगे. दुरुस्तीच्या ओघात एका यंत्राचा रिसीव्हर दुसऱ्यावर चढे, म्हणून रिसीव्हरची साक्ष रिसीव्हरपुरती आणि खोक्याची खोक्यापुरती घ्यावी. सर्वांत पक्का पुरावा आतला: साच्यातील खूण, कारखान्याचे संकेताक्षर, आणि ब्रिटिश बनावटीच्या वस्तूंवर पुष्कळदा आढळणारे वर्षाचे दोन अंक.

माझी विनंती एवढीच, की ज्या वाचनालयांत, मठांत, कचेऱ्यांत आणि पेढ्यांत असे टेलिफोन अजून कोपऱ्यात पडून आहेत, त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी किंवा घासूनपुसून दिवाणखान्यात मांडण्यापूर्वी त्यांची रीतसर नोंद करावी: आतील अक्षरे जशीच्या तशी, यंत्र कोणत्या इमारतीत होते ते, आणि ठाऊक असल्यास त्याचा नंबर. घासताना आतील खुणा पुसल्या जाणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी. कारण पृष्ठभागाची झळाळी परत आणता येते, पण पुसलेला दाखला परत मिळत नाही. जेथे मराठीत दूरध्वनी, कन्नडमध्ये दूरवाणी आणि उर्दूत टेलिफोन या तिन्ही नावांनी एकच यंत्र ओळखले गेले, त्या सरहद्दीवरच्या मुलखाचा इतिहास कागदी दप्तरांत जितका आहे, तितकाच तो या काळ्या मुठींत आहे. बाजारातला तो टेलिफोन मी घरी आणला आणि त्याच्या तळाशी चिठ्ठी डकवली: 'बंगळूर, 1948 नंतरचा; हुमनाबाद येथे मिळाला.' याहून अधिक लिहिण्यास माझ्यापाशी पुरावा नव्हता, म्हणून लिहिले नाही.