आवाज वाढला, पिकअप नाही

"काहीही लिही, पण मराठीत लिही," असं मराठी विभागाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हाच मला घाम फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती हे अजून मनात इंग्लिशमध्ये मोजणारी मी. तेव्हा चुका पोटात घाला. विषय मात्र पक्का आहे : गाडीचा एअर इनटेक. याला मराठीत काय म्हणतात, हे आईला विचारलं तर ती म्हणाली, "इंजिनाचं नाक म्हण." चालेल.

रात्री साडेअकराला बॉईज हॉस्टेलच्या पार्किंगमधून जो भों-भों आवाज येतो, तो आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. कंपनीचा एअर बॉक्स काढून टाकायचा, उघडा कोन फिल्टर लावायचा आणि कॅन्टीनमध्ये सांगायचं, "दहा टक्के पॉवर वाढली." मोजली का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अगं, जाणवते ना!" माझं स्पष्ट मत आहे की हा बहुतेक वेळा कानाचा भ्रम असतो. आणि हे मी स्वतः तेच करून, तोंडघशी पडून सांगतेय.

या मे महिन्यात मी मावशीकडे कॅलिफोर्नियात, सनीवेलला गेले होते. माझ्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, २०१३ ची सेकंडहँड सायन एफआर-एस आहे. इतर देशांत हीच गाडी टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या नावांनी विकली गेली. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही ८६, ७००० आरपीएमला २०० हॉर्सपॉवर. टर्बो नाही, म्हणजे हवा ओढायची ती स्वतःच्या दमावर. जरा हिशोब करून बघा. फोर-स्ट्रोक आहे, दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे ७००० आरपीएमला मिनिटाला साधारण ७००० लिटर हवा. आपली हॉस्टेलची दहा बाय दहाची खोली, छतही दहा फूट धरा, हे इंजिन चार मिनिटांत संपवेल. (खोलीत आम्ही तिघी राहतो, हे सोडून द्या.)

दादाने कुणाकडून तरी वापरलेलं इनटेक किट घेतलं होतं. जाड पाइप, सिलिकॉनचे जोड आणि तेल लावलेल्या कापडाचा कोन फिल्टर. शनिवारी सकाळी त्याने स्पॅनर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू कर. मी बघतो." इथे थोडं विषयांतर. आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये माझ्याकडे नेहमी स्टॉपवॉच असतं. स्पॅनर मुलांकडे, रीडिंग लिहायचं काम मुलींकडे. असं कुणी ठरवलेलं नाही, पण तसंच होतं. त्यामुळे त्या शनिवारी मला काय वाटलं ते सांगायला माझं मराठी अपुरं आहे.

काम अवघड नव्हतं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, मास एअर फ्लो सेन्सरचा कनेक्टर सोडवायचा, सेन्सर जपून बाहेर घ्यायचा, दहा नंबरचे बोल्ट, क्लॅम्प, आणि बॉक्स हातात. तो बॉक्स बघूनच मी थोडी गप्प झाले. त्याचं तोंड पुढे ग्रिलपाशी, जिथे बाहेरची थंड हवा मिळते. आणि इनटेकचा आवाज केबिनमध्ये आणायला कंपनीने मुद्दाम एक नळी दिलेली! म्हणजे ज्या आवाजासाठी आपण सगळं उचकटत होतो, तो त्यांनी आधीच मोजून-मापून दिला होता.

फिल्टर मळलेला होता, तो धुतला. आतून बाहेर पाणी सोडायचं, जोर कमी, आणि सावलीत आपोआप वाळू द्यायचा, कॉम्प्रेसरची हवा मारली तर कापड फाटतं. इथपर्यंत बरोबर. मग तेल. घड्यांवर हलकासा थर द्यायचा, वीस मिनिटं थांबायचं, कोरडं राहिलं असेल तिथेच परत द्यायचं. मी मात्र भजी पिठात बुडवावीत तसा तो तेलात न्हाऊ घातला. दादाने विचारलंसुद्धा, "जास्त नाही ना झालं?" मी म्हटलं, "नाही रे."

आवाज? खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण फोनवर स्कॅनर लावून आकडे बघितले तर सिग्नलला पाच मिनिटं थांबल्यावर कंपनीच्या बॉक्समध्ये आत जाणारी हवा ४१ डिग्री होती, उघड्या कोनमध्ये ५८. बॉनेटखालची गरमच हवा ओढत होता तो! थर्मोडायनामिक्स आठवा : २५ डिग्रीची हवा ५५ ची झाली की घनता नऊ टक्क्यांनी घटते. गाडी पळायला लागली की तापमान उतरतं, हे खरं. तरी तीस ते साठ मैलांचा वेळ आम्ही सहा-सहा वेळा मोजला. फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीपेक्षा जास्त नव्हता. (स्टॉपवॉच अर्थात माझ्याकडेच.)

तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा. कोड पी०१७१, मिश्रण लीन. फिल्टरवरचं जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसलं होतं. तार हवा कमी मोजते, ईसीयू पेट्रोल कमी देतो. त्याच आठवड्यात गाडीची स्मॉग चेक होती. तिथे दिवा लागलेला असला की नापास. शिवाय कॅलिफोर्नियात अशा किटला राज्याचा मंजुरी नंबर लागतो, आणि आमच्या किटचा स्टिकर पहिल्या मालकाच्या बॉनेटखाली राहिला होता. सेन्सर खास स्प्रेने धुतला (कापसाची काडी लावायची नाही, तार तुटते), जुना बॉक्स परत बसवला, कोड पुसला. कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात, म्हणून आणखी काही दिवस चालवल्याशिवाय टेस्टच नाही. दादाची अर्ध्या दिवसाची रजा फुकट गेली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आपल्याकडे धूळ जास्त आणि पाणीही जास्त. कापडी फिल्टर साधारणपणे कागदीपेक्षा थोडी जास्त धूळ आत सोडतो, आणि ती रिंगा नि सिलिंडर घासते. थंड हवेसाठी फिल्टर बंपरमागे खाली नेला तर पावसाळ्यात तो साचलेलं पाणी ओढू शकतो. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ मध्ये मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

तरीही "हात लावू नका" असं मी म्हणणार नाही. एका शनिवारात मी जेवढं शिकले तेवढं दोन सेमिस्टरच्या जर्नलमध्ये नाही शिकले, कारण जर्नलमधली व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी आपण कुठून उतरवतो ते सरांनाही ठाऊक आहे. आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये सिंगल सिलिंडरचा टेस्ट रिग आहे. एअर बॉक्स, ऑरिफिस, मॅनोमीटर, हवा मोजायला लागतं ते सगळं. वर्षभर त्यावर ताडपत्री असते. सर, एक शनिवार किल्ली द्या. कागदी आणि कापडी दोन्ही फिल्टर मी आणते, पार्किंगवाल्यांनी त्यांचा दहा टक्क्यांचा दावा घेऊन यावं. स्टॉपवॉच मात्र या वेळी दुसऱ्या कुणीतरी धरायचं.