माळ पडीक नसतो

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून आपली दिवाळी सुरू होते. ती गाय वर्षभर कुठे चरते, हे ताटात निरांजन ठेवताना सहसा आठवत नाही. ती चरते गावाबाहेरच्या माळावर, गायरानात. ते उरले असेल तर. सरकारदप्तरी आणि आपल्या बोलण्यातही माळाची ओळख ‘पडीक’ हीच.

या दिवसांत माळावर एकदा चालून पाहा. कपड्यांना कुसळे चिकटतील. एक उपटून ओले करा. ते पीळ सोडत गरगर फिरू लागते. दवाने भिजले की अशाच फिरकीने ते आपले बी मातीत रुतवते. पुढच्या पावसाची पेरणी माळ स्वतःच उरकून ठेवतो. आणि आपण तिथे खड्डे खणून रोपे लावतो, वर फोटोही काढतो! माळढोक पक्ष्याला मोकळे गवत लागते, दाट झाडी नाही, हे सोलापूरजवळच्या नान्नजला जाऊन आलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

गावाने मनावर घेतले तर काय होते, हे हिवरे बाजारने दाखवले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, गवत कापून आणायचे. बंदी टिकली, कारण ती ग्रामसभेत ठरली होती.

पण सगळीकडे नुसती बंदीच उचलली जाते, तिथे आमचे मत वेगळे आहे. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेतले शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात. लेंड्या हव्यात, मेंढ्यांचे चरणे मात्र नको, हा कुठला व्यवहार? माळाचा एक तुकडा राखायचा, दुसरा चरायला सोडायचा, पुढच्या साली पाळी बदलायची, हे गावकरी आणि मेंढपाळ एकत्र बसल्याशिवाय जमणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या गायरानाचा गट नंबर, क्षेत्र आणि हद्द विचारा. तोवर वाडे घाट उतरून गेलेले असतील. त्यांचे म्हणणे आत्ताच, गावाच्या शिवारात असतानाच, ऐकून ठेवा.