विश्लेषण : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या दैत्यांची चित्रं काढायला एआयवर बंदी का?

टेबलाभोवती चार-पाच मित्र बसलेत. एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं झालेत आणि पुढे काय होणार हे फासे ठरवतात. १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ साधारण असा चालतो. या खेळाच्या पुस्तकांतली चित्रं मात्र अलीकडे वादात सापडली आहेत.

नेमकं काय घडलं?

ऑगस्ट २०२३ मध्ये महाकाय दैत्यांवरचं 'ग्लोरी ऑफ द जायंट्स' हे पुस्तक आलं. काही चित्रांमधले पाय वाचकांना विचित्र वाटले. ही चित्रं पूर्ण करताना एआयची मदत घेतल्याचं चित्रकाराने कबूल केलं. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने आपल्याला हे माहीत नव्हतं असं सांगितलं आणि यापुढे चित्रकारांनी एआय वापरू नये, असा नियम केला.

एका चित्राने एवढा काय फरक पडतो?

या खेळात पडदा नसतो. गोष्ट सांगणारा पुस्तक फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "हे तुमच्यासमोर उभं आहे." लढायचं, बोलायचं की पळायचं, हे खेळाडू ते चित्र पाहून ठरवतात. त्यामुळे दात, नखं, हातातलं शस्त्र यांना अर्थ असतो.

खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांना प्लॅस्टिकची स्वस्त खेळणी मिळाली होती. त्यातल्या एका विचित्र प्राण्यावरून त्यांनी लोखंडाला गंज चढवून ते खाणारा 'रस्ट मॉन्स्टर' तयार केला. म्हणजे आधी रूप दिसलं, मग स्वभाव सुचला.

आपला राक्षसही या खेळात आहे. पण वाघाच्या डोक्याचा आणि उलट्या तळव्यांचा! रामायणातला राक्षस आपल्या डोळ्यांसमोर असा येत नाही. मात्र जगभरच्या खेळाडूंना राक्षस म्हटलं की हाच आठवतो. चित्राची ताकद ती हीच. ते पटलं नाही, तर असं का काढलं हे निदान माणसाला विचारता येतं.

बंदीने प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीने आपल्या पत्त्यांच्या खेळाची एक जाहिरात माणसांनीच केल्याचं ठामपणे सांगितलं. काही दिवसांत त्यात एआयचे अंश असल्याचं तिला मान्य करावं लागलं. चित्रकार रोज वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्येच आता एआय आलंय.

याची दुसरी बाजूही आहे. त्याआधीच्या महिन्यात एका चित्रावर वाचकांनी असाच संशय घेतला होता. ते चित्र एआयचं नसल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला.

यातली बरीच चित्रं कंत्राटावर काम करणारे कलाकार काढतात. एआयमुळे त्यांचं काम जाऊ शकतं आणि एआयच्या संशयामुळे नावही. म्हणूनच नुसती बंदी पुरत नाही. कच्ची रेखाटनं जपून ठेवणं आणि छापण्याआधी ती तपासणं, ही जबाबदारी प्रकाशकाला घ्यावी लागेल. नाहीतर चूक शोधायचं काम वाचकांकडे जाईल आणि भुर्दंड प्रामाणिक चित्रकाराला पडेल.