गड्याची हजेरी, बाईची हजेरी

परसातलं जुनं काँक्रीट काढायचं ठरलं. खालचा ड्रेनेजचा पाइप तुंबलेला, आणि पावसाळ्यात पाणी थेट स्वयंपाकघरात. कंत्राटदार आला, त्यानं जागा पाहिली आणि विचारलं, "साहेब कधी भेटतील?" पैसे माझ्या पगारातून जायचे होते, तसं मी सांगितलं. मग त्यानं कागदावर हिशोब मांडला: दोन गडी, ७०० हजेरी. दोन बाया, ५०० हजेरी. तीन दिवस. शिवाय ब्रेकरचं भाडं आणि टेंपो.

मैत्रिणींनो, बायकांच्या हक्कांवर मी आजवर किती सभांत बोलले असेन! तरी त्या कागदाकडे पाहून मी एवढंच म्हटलं, "टेंपोचं थोडं कमी करा."

जागा दहा बाय बारा फुटांची, थर चार इंचांचा. म्हणजे ४० घनफूट. काँक्रीट घनफुटाला साधारण ६८ किलो भरतं, तेव्हा एकूण वजन पावणेतीन टनांच्या आसपास. टेंपो बोळात शिरत नव्हता. घमेल्यात अठरा किलो धरलं तरी दीडशे खेपा, त्याही डोक्यावरून. "गडी घण मारतो, बाई नुसती वाहते," असं कंत्राटदार म्हणाला होता. हे "नुसती" मला अजून खुपतं. तिसऱ्या दिवशी फोडायचं काम संपलं आणि दोन्ही गडी राडारोडा वाहायला लागले. तेच घमेलं, तोच बोळ. हजेरी मात्र ७०० आणि ५००.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: सारख्या कामाला बाई म्हणून कमी पैसे देता येत नाहीत. पण माझ्या परसात बघायला येणार कोण? तिथं मीच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, त्यांतल्या थोरल्या बाईनं सकाळपासून पाणी घेतलेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मग जायला लागतं, ताई." आमच्या घरात दोन संडास आहेत. वापरा म्हणून सांगायचं मला सुचलंच नव्हतं. धुळीचंही तसंच. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, फोडताना पाणी मारलं तर ती कमी उडते. नळ हाताशी होता.

शेवटी मी दोघींना फरकाचे पैसे दिले. कंत्राटदार चिडला, "तुम्ही सवय लावता, उद्या दुसरीकडे मागतील." मागू देत की! पण खरं सांगायचं तर माझंही चुकलंच. मागाहून हातावर ठेवलेले पैसे ही बक्षिशी झाली. हजेरी आधी ठरवायची असते.

आणखी एक. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद व्हायची तर गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तोडकामही त्यात येतं. अड्ड्यावरून येणाऱ्या बाईला एका घरी तीन दिवस काम मिळालं, तर तीस घरं झाली. त्यांतल्या किती घरांनी तिला सहीचा कागद दिला असेल? मी नाही दिला.

शेजारणी म्हणतात, आपण ठोक रक्कम देतो, आत तो काय वाटतो ते त्याचं त्याला. मीही हेच म्हणत आले होते. पण दर पाडून घेताना आपण जे शेदोनशे वाचवतो, ते त्याच्या खिशातून क्वचितच जातात.

आता गच्चीचा कोबा काढायचा आहे. बोलणी करताना या वेळी आधीच सांगते: हजेरी एकच, आणि दिवसांचा कागद सहीनिशी. तीन कंत्राटदारांना विचारलं. दोघं हसले. तिसरा म्हणाला, "बघू." त्याच्याशी बोलणं चालू आहे.