निष्पर्ण झाड मृत नव्हे

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. घागरीघागरीचा हिशेब ठेवावा लागलेल्या त्या उन्हाळ्यात अंगणातील झाडास पाणी कोठून मिळणार? तसा उन्हाळा पुन्हा आल्यास, पाने गळालेल्या झाडावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी त्याची परीक्षा अवश्य करावी.

बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास ती जिवंत आहे. थर तपकिरी व कोरडा असल्यास जाड फांदी आणि शेवटी खोड तपासावे. एक फांदी वाळली म्हणून झाडाचे खाते बंद करू नये.

झाडाची ओळखही हवी. नांदेड-लातूरकडील कडुलिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतो आणि चैत्रात तांबूस पालवीने भरून येतो. ती पानगळ म्हणजे रोग नव्हे. बकाण दिसायला त्याच्यासारखाच. कडुलिंबाच्या पानाला एकच दांडा व त्याच्या दोन्ही बाजूंस पर्णिका; बकाणाच्या दांड्याला उपदांडे फुटतात. बकाणाची फळे विषारी असतात, म्हणून घरात लहान मुले असल्यास ती वेचून टाकावीत.

भाजी धुतलेले पाणी खोडाशी ओतणे व्यर्थ. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली दूरवर पसरलेली असतात. तेथे सायंकाळी पाणी द्यावे व वर वाळला पाला पसरावा. तो जाळल्यास आतील असंख्य जीवही जळतात. अंगणभर फरशी बसविताना तेवढी माती उघडी ठेवावी. झाड तोडण्याचा निर्णय मात्र आषाढसरी पडून जाईपर्यंत लांबणीवर टाकावा.