काहिलीपाशी अनवाणी पाय

दिवाळी सरली, उसाला कोयता लागला, की अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या जोडीने गुऱ्हाळेही पेटतात. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, शेकडो लिटर रस रटरटत असतो. मळी काढणारा, फावडीने रस हलवणारा माणूस मात्र बहुधा अनवाणी किंवा रबरी स्लिपरवर असतो. अंगात बनियन, कमरेला गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी. ही रीत याच हंगामात बदलली पाहिजे.

रस उकळू लागतो तेव्हा तो शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाणी उडत जाते तसा ताव चढतो. काकवी 105-106 अंशांना तयार होते, गुळासाठी काहील उतरवताना पाक 118 ते 120 अंशांवर पोहोचलेला असतो. उकळते पाणी अंगावर पडले तर निदान ओघळून जाते. पाक कातडीला चिकटतो आणि भाजतच राहतो. नेमक्या याच घडीला चार-पाच जण मिळून काहील कलती करतात आणि पाय ओल्या, चिकट जमिनीवर असतात.

असा उकळता गोड रस हौसेने हाताळणारेही लोक आहेत: घरी बिअर बनवणारे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी पिण्यापुरती बिअर परवान्याशिवाय बनवता येते, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने तशी मुभा मिळाली. तिथल्या हौशी लोकांकडून एक धडा घ्यायचा आहे. सुट्टीच्या दिवशी वीसेक लिटर मॉल्टचे, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचे, पाणी उकळणाऱ्यालाही ते बजावतात: उघड्या पायांनी भांड्याजवळ जाऊ नकोस. जिथे हौसेपोटी एवढी काळजी घेतली जाते, तिथे रोजीरोटीसाठी रोज कित्येक पट मोठ्या काहिलीपाशी उभ्या राहणाऱ्याला निदान तेवढी तरी मिळायला हवी.

लागणारे सामान थोडे आहे. पायात घट्ट तळाचे, न घसरणारे गमबूट. पँट बुटाच्या आत खोचायची नाही, वरून सोडायची, म्हणजे सांडलेला रस बुटात न शिरता बाहेर ओघळेल. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा. नायलॉन-पॉलिस्टर आचेने वितळून कातडीला चिकटते. त्यावर रस आत झिरपू न देणारा रबरी एप्रन. हातात कोपरापर्यंतचे, उष्णता सोसणारे हातमोजे. गरम कडी ओल्या फडक्याने धरायची सवय घातक आहे, कारण ओल्या कापडातून चटका कोरड्याहून लवकर पोहोचतो. डोळ्यांना साधा संरक्षक चष्मा. चरकात ऊस सारणाऱ्या बाईने पदर किंवा ओढणी घट्ट खोचलेली हवी. उसाबरोबर पदर आत ओढला जायला क्षणही पुरतो. आणि काहिलीजवळ पाण्याचा नळ हवाच. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचा, त्यावर शाई किंवा टूथपेस्ट लावायची नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला, गूळ हे अन्न आहे, तिथे पायताण कसे चालेल? यासाठी फक्त गुऱ्हाळात वापरायचे, रोज धुतलेले वेगळे बूट ठेवावेत. मातीतून आलेल्या अनवाणी पायांपेक्षा ते अधिक स्वच्छ असतील. दुसरा, चुलाणाच्या धगीत एवढे कपडे सोसत नाहीत. ते खरे आहे. म्हणून कापड सुतीच हवे, पाळ्या आखूड हव्यात आणि प्यायला पाणी हाताशी हवे. उघडे अंग हा धगीवरचा उपाय नव्हे.

खर्च कोणी करायचा, याचा दाखला आपल्याच जुन्या कायद्यात आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाचे कलम 22 चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे सांगत होते आणि ते मालकाने पुरवावेत असेही तिथेच लिहिले होते. लहान गुऱ्हाळ कामगारसंख्येमुळे अशा कायद्याबाहेर राहत असेल. तिथल्या माणसाची कातडी त्यामुळे जाड होत नाही. काहील, चरक आणि साचे मालक विकत घेतो. बूट, एप्रन आणि हातमोजे हीसुद्धा गुऱ्हाळाचीच अवजारे आहेत आणि ती त्याच खात्यात धरली पाहिजेत. ज्या जिल्ह्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून देशाला वाट दाखवली, त्याला हे जड नाही. रसायनमुक्त गूळ विचारून घेणाऱ्या ग्राहकानेही यंदा गुऱ्हाळावर गेल्यावर एक प्रश्न अधिक विचारावा: काहिलीपाशी उभ्या असलेल्यांना बूट दिलेत का?