मेलबर्नहून आलेले बूट



मागच्या महिन्यात एका वाचक बहिणीचा फोन आला. आवाजात वैताग होता. तिच्या मुलीने ऑनलाइन केसाळ अस्तराचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट मागवले होते. पनवेलच्या जून महिन्यात! "तुम्ही एकदा यावर लिहाच," ती म्हणाली. "फॅशन म्हणजे काय ते या पोरींना सांगा." मी हसले आणि लिहिते म्हणाले. मग फोन ठेवून आमच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे वरच्या फळीवर तसलेच बूट ठेवले आहेत, आणि तेही खरे, मेंढीच्या कातड्याचे. ते मुलीचे नाहीत, माझ्या सासूबाईंचे आहेत. त्यामुळे त्या बहिणीला हवा तसा लेख माझ्या हातून होईल असं वाटत नाही.

आधी मुलींची बाजू सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. माझी थोरली एकोणीस वर्षांची आहे. तिच्याशी मी याच विषयावर वाद घातला तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, तुमच्या वेळची फॅशन पायाला दुखायची. आमची दुखत नाही. यात वाईट काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्या वेळचे वलीमे आठवा. पेन्सिल हील घालून ऐटीत आलेल्या सगळ्या नणंदा-भावजया जेवणाची दुसरी पंगत उठेपर्यंत सॅंडल हातात घेऊन गालिच्यावर अनवाणी फिरत असायच्या. घरी गेल्यावर टाचांना खोबरेल तेल आणि दुसऱ्या दिवशी करंगळीला फोड. त्यापेक्षा या मुलींना मऊ, रुंद, पाय न चावणारं काही आवडत असेल तर त्यांची अक्कल आमच्याहून कमी नाही.

शिवाय हे बूट जन्माने फॅशनचे नाहीतच. ऑस्ट्रेलियात मेंढरांचे कळप मोठे. लोकर आतल्या बाजूला ठेवून कमावलेल्या कातड्याचे ओबडधोबड बूट तिथले लोक थंडीत घालायचे. थंड समुद्रात लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं पाण्याबाहेर आली की गारठलेले पाय त्यात खुपसायची. देखणेपणाचा प्रश्नच नव्हता. १९७८ मध्ये ब्रायन स्मिथ नावाचा एक तरुण ते कॅलिफोर्नियात विकायला घेऊन गेला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेकर्स कंपनीने तो धंदा घेतला. २००० नंतर ओप्रा विन्फ्रे यांच्या टीव्ही कार्यक्रमात ते दिसले आणि मग नट्यांच्या पायांत गेले. ऑस्ट्रेलियात अजूनही 'अग बूट' हा असल्या बुटांसाठीचा साधा शब्द आहे, बाहेरच्या जगात मात्र 'अग' हा महागडा ब्रॅंड. म्हणजे जे पायताण लोक घराबाहेर घालून जायला लाजत होते, त्याच्यासाठी पुढे रांगा लागल्या.

आपल्या कोल्हापुरीचंही तेच नाही का झालं? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं. शेतात, बाजारात, उन्हात चालायची चप्पल. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या मंचावर हुबेहूब तशी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली. केवढा गदारोळ झाला! शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की ही प्रेरणा भारतातली. पण बिचारी कोल्हापुरी निदान आपल्या हवेची आहे, आणि तीसुद्धा आपण मिरगाच्या आधी गुंडाळून ठेवतो.

मेंढीची लोकर हा कमालीचा पदार्थ आहे. आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा ती शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. कोरड्या थंडीच्या देशात ही तिची करामत. आमच्या पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चार महिने भिंतींना बुरशी येते, पापड सादळतात, दारामागे टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी साय धरते. इथे लोकरीने शोषलेला ओलावा जाणार कुठे? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त बुटांत तर लोकरही नसते, प्लास्टिकच्या धाग्याची फर असते. ती घामही शोषत नाही. एसटी स्टॅंडपासून कॉलेजपर्यंत गेलं की आत डबकं. त्या बहिणीला माझं एवढंच सांगणं आहे की फॅशनवरून भांडू नका. मुलीला म्हणा, संध्याकाळी घरी आलीस की बुटात नाक घाल. बाकीचं काम बूट करतील.

आता कपाटातल्या बुटांची गोष्ट.

ते माझ्या नणंदेने मेलबर्नहून पाठवले. अम्मींचं वय अडुसष्ट, साखरेचा आजार चौदा वर्षांचा. हिवाळ्यात त्यांचे पाय बर्फासारखे गार पडतात, रात्री मुंग्या येतात. लेकीच्या मनात आलं, अम्मीचे पाय उबेत राहावेत. येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर तिने बूट पाठवले. अम्मींनी पाय घातला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "मांजरीच्या पोटावर पाय ठेवल्यासारखं वाटतं गं," म्हणाल्या. त्या दिवसापासून बूट घरात, पलंगावर, सगळीकडे.

या वेळी रमजान फेब्रुवारीत सुरू झाला. सहेरीला फरशी गार. अम्मींनी एक सोय शोधून काढली. घोटा झाकणारे चामड्याचे मोजे वजूच्या स्थितीत घातलेले असतील तर पुढच्या वजूला पाय न धुता त्यावर ओला हात फिरवायची, मसह करायची, मुभा आहे. घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि प्रवाशाला तीन. "हे चामड्याचेच आहेत, घोट्याच्या वरही आहेत," अम्मी म्हणाल्या. या बुटांवर मसह चालतो की नाही हा प्रश्न आलिम मंडळींचा, तो मी सोडवणार नाही. पण गुडघे दुखत असताना बेसिनवर पाय चढवायचा त्रास वाचला, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

एका संध्याकाळी दस्तरखानाशेजारी बूट काढून ठेवले होते. अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. मुलांनी बिया ताटलीत टाकल्या, एखादी बाहेर गेली असेल, कुणाचं लक्ष होतं! मगरिबनंतर अम्मींनी बूट घातले. दुसऱ्या दिवशी मगरिबच्या वेळी मुदत संपली म्हणून काढले तेव्हा पांढऱ्या लोकरीवर लाल-तपकिरी डाग. आत लोकरीत रुतून बसलेली खजुराची बी. अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात खड्डा पडला होता. चोवीस तास अम्मी त्या बीवर चालल्या, तरावीहला उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीही कळलं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती जखमेची वाटली नाही. अम्मी पायाकडे पाहून म्हणाल्या, "अगं, दुखत नाहीये," आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं, त्याची वाटली.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड केसासारखा धागा घेतला. अम्मींना डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." अम्मींनी चार वेळा सांगितलं. सहा ठिकाणी त्यांचा पाय जणू त्यांचा नव्हताच. इतकी वर्षं साखर तपासत होतो, पाय कुणी तपासला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न केला, "चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का?" मी आणि थोरली एकमेकींकडे बघत राहिलो. दोन वर्षं अम्मींची एक चप्पल जिन्यात सापडायची आणि आम्ही त्यांची थट्टा करायचो.

जखम भरायला सात आठवडे लागले. ईदची नमाज अम्मींनी खुर्चीत बसून पढली. पाय वाचला, अल्हम्दुलिल्लाह. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या चाचांची दोन बोटं गेली होती. त्यांनाही खिळा टोचल्याचं कळलं नव्हतं.

या सात आठवड्यांत पायताणाविषयी मी जे शिकले ते कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. ज्या पायाची संवेदना गेली आहे त्याला फक्त मऊ पायताण चालत नाही. आत मऊ लागतं, पण खाली कडक तळ लागतो, काटा-खिळा आरपार येऊ नये म्हणून. मागे पट्टा लागतो, निसटू नये म्हणून. बांधणीत खिळे नकोत. अंगठ्याची चप्पल नको, कारण बोटांच्या बेचक्यात पट्टी घासते. डॉक्टरांनी लिहून दिली ती एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल. तिचा इतिहास ऐकून मी चकित झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रॅंड यांनी कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवून दिलं की त्यांची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून ती रोजच्या लहान जखमांनी जातात. अशा पायांसाठी या रबराची पायताणं तयार झाली. आम्हा पनवेलकरांना नेऱ्याचं शांतिवन लहानपणापासून माहीत आहे. तिथल्या रुग्णांच्या पायांत जी चप्पल शोभत नाही असं आपण मनात म्हणत असू, ती आता माझ्या घराच्या दारात आहे. दिसायला काळी, जाड, शाळेच्या शिपायासारखी. अम्मी आधी ती घालून बाहेर पडायला तयार नव्हत्या. "लोक काय म्हणतील, मला काय झालंय?" अडुसष्टाव्या वर्षीही फॅशन सुटत नाही ती अशी, आणि आपण फक्त एकोणीस वर्षांच्या मुलींना बोलतो.

थोरलीने मार्ग काढला. चपलेच्या पट्ट्यांना बुरख्याच्या रंगाचं कापड शिवून आणलं, वरच्या बाजूने, आत टाका येणार नाही असं बघून. अम्मी ती घालून भाचीच्या निकाहला गेल्या. दोघीतिघींनी विचारलं, कुठून घेतली?

घरात आता काही नियम झाले आहेत. वजूनंतर अम्मींच्या पायाच्या बोटांमधली जागा सुती रुमालाने कोरडी करायची, कारण पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात आणि साखरवाल्याच्या चिखल्या आठवड्यात भरत नाहीत. तेल तळव्याला आणि टाचेला, बोटांच्या मध्ये नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही. नवं पायताण घ्यायचं तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. हे काम धाकट्याकडेही दिलं आहे. तो दिवसातून एकदा दादीचे तळवे मोबाईलच्या टॉर्चने बघतो आणि पोलिसासारखा अहवाल देतो.

अम्मींनी मसह सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "पाच वेळा पाय धुवायचे म्हणजे पाच वेळा पायाकडे बघणं होतं. मला तेवढं हवंय." हजची तयारी करणाऱ्यांनाही मी हे सांगत असते. एहराममध्ये पुरुषांना घोटा झाकणारं पायताण चालत नाही, आणि साखरेच्या आजाराचे हाजी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळवे भाजून घेतात, कारण त्यांना चटका कळत नाही. निघण्याआधी त्या नायलॉनच्या धाग्याची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पुरुषांच्या पायताणांवर लिहायचं राहूनच गेलं. जुम्म्याला चोरीच्या भीतीने घरातली सर्वात फाटकी स्लीपर घालून जाणारे आणि नाडीचे बूट सोडता सोडता पहिली रकात गमावणारे, दोन्ही जाती आमच्या घरात आहेत. पुन्हा कधीतरी.

आणि कपाटातले बूट? नणंदेला आम्ही खजुराच्या बीची गोष्ट सांगितलेली नाही. अम्मींनीच शपथ घातली. "तिने उबेसाठी पाठवले, तिला कशाला रडवायचं?" (ती हे मासिक वाचत नाही, म्हणून लिहिते आहे.) दर रविवारी मेलबर्नहून व्हिडिओ कॉल येतो. त्याच्या पाच मिनिटं आधी थोरली स्टुलावर चढून बूट काढते, सिलिका जेलच्या पुड्या बाजूला करते, दोन्ही बुटांत कोपरापर्यंत हात घालून बोटांनी लोकर चाचपते आणि मग दादीच्या पायात चढवते. अम्मी पाय जरा पुढे करून बसतात. तिकडून हमखास विचारणा होते, "अम्मी, बूट वापरतेस ना?"

"हे बघ की," अम्मी म्हणतात आणि कॅमेरा खाली वळवायला सांगतात.